मे महिन्यासाठी बांधलेल्या वाड्यात जानेवारी कसा काढावा

पुण्याहून किंवा रत्नागिरीहून ग्वाल्हेरकडच्या गावी निघालेला पाहुणा बॅगेत एक अर्ध्या बाह्यांचा स्वेटर टाकतो. मामींनी फोनवर दोनदा बजावलं तरी ऐकत नाही. "अहो मामी, महाबळेश्वरला जाऊन आलोय आम्ही!" महाबळेश्वरला हॉटेल असतं. डबरा-भितरवारकडच्या गावात वाडा असतो, आणि तो ज्याने बांधला त्याच्या डोळ्यांपुढे मे महिना होता.

या भागात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणून दोन-दोन फुटी दगडी भिंती, वर दगडी पाट्यांचं छत, उंच आढं, लहान खिडक्या आणि मधोमध उघडा चौक. ऊन आत येऊ नये यासाठी केलेला हा सगळा बंदोबस्त जानेवारीतही तितक्याच इमानाने चालू राहतो. भर दुपारी गच्चीवर अंगातली शाल काढावीशी वाटते आणि माजघरात पाऊल टाकलं की पुन्हा गुंडाळावीशी वाटते. इथली थंडी घराबाहेर नसते, घरात असते. एवढं ध्यानात धरलं की पुढची सगळी कृती सोपी आहे: दिवसा घराबाहेर राहायचं, रात्री घरातली एकच खोली धरायची, आणि ओल नावाची वस्तू कुठेही शिरू द्यायची नाही.

आधी थंडी ओळखा

ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे. आसपास हिमशिखर नाही. थंडी येते ती वरून. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी पावसाळी हवा, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतो, मागे आकाश निरभ्र होतं आणि वायव्येचा कोरडा वारा सुटतो. मैदानी भागात किमान तापमान ४ अंश किंवा खाली गेलं की हवामान खातं शीतलहर म्हणतं, २ किंवा खाली गेलं की तीव्र शीतलहर. ५ अंशांना खातं काहीही म्हणो, गावात "आज जरा बरं आहे" असं म्हणतात.

थंडी दोन जातींची असते आणि दोघींशी वागायची रीत वेगळी.

पहिली उघडी थंडी. रात्र कडक, पहाटे हात बधिर, पण साडेनवाला ऊन पडतं आणि दुपार सोन्यासारखी. ही सज्जन थंडी. दुसरा कोहरा, म्हणजे दाट धुकं. रात्रीचा पारा आठ-नऊवर असतो, त्यामुळे पाहुणा मोबाईल बघून खूश होतो. पण दिवसभर सूर्य दिसत नाही, दुपारचं तापमानही बारा-चौदाच्या वर सरकत नाही, आणि हवेतली ओल कपड्यांत, गादीत, मिठात, पापडात शिरते. मावठा पडून गेला असेल, शेतात गव्हाला पाणी दिलेलं असेल आणि वारा पडला असेल, तर कोहरा येणारच.

उद्या कोणती थंडी आहे हे रात्री नऊ वाजताच कळतं. गच्चीवर जा. तारे टोकदार दिसतात आणि गालाला वारा लागतो: उघडी थंडी. तारे मळकट, रस्त्यावरच्या दिव्याभोवती कडं, वारा शून्य आणि कठड्यावर हात फिरवला तर ओला: कोहरा. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायचे की नाहीत, रजई गच्चीवर न्यायची की नाही, हलवा करायला घ्यायचा की नाही, हे सगळं या दोन मिनिटांत ठरतं.

ऊन कुठे पडतं ते बघा

जानेवारीत इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. भर माध्यान्हीला, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या आसपास, तो क्षितिजापासून ४३-४४ अंशच वर असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की भिंतीची सावली दुपारी बारालाही भिंतीच्या उंचीएवढी लांब पडते. चौकाच्या दक्षिणेची भिंत १५ फूट उंच आणि चौक १२ फूट रुंद असेल, तर त्या चौकाच्या फरशीला अर्ध्या फेब्रुवारीपर्यंत ऊन लागत नाही. तिथे खाट टाकून "ऊन येईल आता" म्हणत बसलेला माणूस हमखास परगावचा.

खाट टाकायची ती दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लागून. भिंत पाठीमागे हवी आणि उत्तरेचा वारा तिने अडवलेला हवा. सकाळी साडेनवाला भिंतीच्या पश्चिम टोकाशी सुरुवात करा, कारण पूर्वेकडची सावली तिथून आधी हटते. मग दर तासाला खाट सरकवत न्या. अकरानंतर गच्ची. गच्चीवर कठड्याच्या आत बसायचं, म्हणजे वारा डोक्यावरून जातो. तीन वाजेपर्यंत मटार सोलणं, तांदूळ निवडणं, मुलांचा अभ्यास, हिशेबाच्या वह्या, आत्याबाईंची दुपारची झोप, सगळं तिथेच. शेजारणीही आपापल्या गच्चीवर असतात, त्यामुळे गावात कुणाचं काय चाललंय हे कळायला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.

चार वाजता उठा, भले ऊन अजून दिसत असो. त्या उन्हात दम नसतो, आणि दव पडायची तयारी सुरू झालेली असते. "अजून पाच मिनिटं" म्हणणाऱ्याला संध्याकाळी शिंका येतात.

अंथरूण

पाहुणे पांघरुणांवर पांघरुणं मागत सुटतात. थंडी खालून येते. दगडी फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते आणि कापसाची जुनी गादी अंगाखाली दाबली गेली की तिच्यात हवा उरत नाही. म्हणून आधी खालचा बंदोबस्त.

डबऱ्याकडे भात पिकतो, त्यामुळे भाताचा पेंढा मिळतो. कोरडा पेंढा पाच-सहा इंच जाड पसरा, त्यावर सतरंजी, त्यावर गादी, त्यावर जुन्या साड्यांची गोधडी. पेंढा आधी एक दिवस उन्हात घालून झटकलाच पाहिजे. नाही झटकला तर किडे, धूळ आणि रात्रभर खोकला. पेंढा दहा-बारा दिवसांत चपटा होतो, तो काढून म्हशींपुढे टाकायचा आणि नवा पसरायचा. खाटेवर झोपणार असाल तर पट्ट्यांच्या जाळीतून खालची हवा थेट पाठीला लागते, तेव्हा खाटेवर आधी जाड सतरंजी किंवा पोतं घाला. थंडीत खाटेपेक्षा पेंढा बरा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

रजईचं माप वजनात सांगतात. एकट्या माणसाला दोन ते अडीच किलो कापसाची, दोघांना साडेतीन ते चारची. पाच किलोची भरवून घेऊ नका. तिच्याखाली कूस बदलता येत नाही आणि कापूस स्वतःच्याच वजनाने दबतो. ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. म्हणून जुनी रजई दिवाळीआधी उसवून कापूस पिंजून घ्यायचा आणि पुन्हा भरून टाके घालून घ्यायचे. पिंजाऱ्याकडे डिसेंबरात गेलात तर तो संक्रांतीनंतरची तारीख देतो. टाके विरळ असतील तर महिन्याभरात सगळा कापूस पायथ्याशी गोळा होतो आणि छातीवर नुसती खोळ राहते. दोन टाक्यांमध्ये चार बोटांपेक्षा जास्त अंतर नको.

अंगाला लागून सुती चादर, मग रजई, आणि फारच झालं तर रजईवर एक हलकी चादर. डोकं रजईत घालून झोपू नका. उच्छ्वासाची वाफ कापसात मुरते आणि चार रात्रींत रजई जड आणि गार होते. कानटोपी घाला, ती त्यासाठीच असते. पायात घट्ट मोजे नकोत, रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात. झोपण्याआधी पंधरा मिनिटं पायथ्याशी गरम पाण्याची पिशवी ठेवा. झाकण घट्ट आहे ना हे पिशवी उलटी करून बघायचं, आणि बघायचं ते मोरीत, गादीवर नव्हे.

उघड्या थंडीत रजई रोज गच्चीवर न्यायची. अकराला पसरा, एकला उलटा, तीनला घडी घालून खाली आणा. घडी घालताना उन्हाची बाजू आत. साडेचारपर्यंत विसरलात तर ती सगळी ऊब सोडून दव पिऊन बसते, त्यापेक्षा न नेलेली बरी. कोहऱ्याच्या दिवशी रजई खोलीतच ठेवा.

आणि खोली एकच. सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं, शक्यतो स्वयंपाकघराला भिंत लागून असलेल्या. चार माणसांच्या अंगाची ऊब छोट्या खोलीत चांगली जाणवते. नवविवाहितांना हा सल्ला देण्याचं धाडस आम्ही करत नाही, त्यांना दोन रजया द्या.

अंघोळ

रोज करावी का, हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांसमोर विचारू नये. कधी करावी, हा विचारण्यासारखा आहे. उत्तर: दुपारी बारा ते दोन. आजोबांची पहाटे पाचची अंघोळ हा त्यांचा आणि देवाचा व्यवहार आहे, त्यात पडू नका. मात्र रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर त्यांनाही उन्हं वर येईपर्यंत थांबवा. गार पाण्याने आणि गार हवेने रक्तदाब चढतो.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभरात १० अंशांच्या आसपास उतरतं. बोअरचं पाणी मात्र बाराही महिने जवळजवळ सारखंच असतं, साधारण २५ अंश. म्हणूनच शेतावर पहाटे मोटर चालू केली की धारेतून वाफा निघताना दिसतात आणि गावची पोरं उघड्या अंगाने हौदाशी नाचतात. तुम्हीही बादली टाकीच्या नळाखाली न लावता मोटर चालू असताना थेट धारेखाली भरा.

फरक मोजून सांगतो. २० लिटरची बादली आणि १५०० वॉटचा रॉड. टाकीचं पाणी १० वरून ४२ अंशांवर न्यायला अर्धा तास लागतो, बोअरचं पाणी १६ मिनिटांत होतं. आणि हे विजेचा दाब पुरता २३० व्होल्ट असेल तर. संध्याकाळी गावात तो १८० वर आला की तोच रॉड ९०० वॉटच्या जवळपासच काम करतो, मग टाकीच्या पाण्याला पाऊण तासाच्या वर लागतो. बल्ब पिवळा दिसू लागला की अंघोळ पुढे ढकला. पाहुण्याने "रॉड बिघडलाय वाटतं" असं म्हणून तो उघडून बघू नये.

रॉड वापरायची रीत चुकली तर जीवाशी येतं, म्हणून इथे थट्टा नको. बादली प्लॅस्टिकची, तिच्यावर आडवी लाकडी काठी, काठीला रॉड लटकवलेला, आणि वेटोळं बादलीच्या बुडापासून दोन बोटं वर. बुडाला किंवा बाजूला टेकला तर बादलीला भोक पडतं. पाणी रॉडवरच्या खुणेपर्यंत हवं. आधी रॉड पाण्यात, मग बटण. कोरडा चालू केला की काही सेकंदांत जळतो. काढताना आधी बटण बंद, मग पिन भिंतीतून बाहेर, मगच पाण्याला हात. "बटण बंद केलंय" यावर भरवसा नको, कारण जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी चुकीच्या तारेवर असतं आणि बंद केलं तरी रॉडमध्ये वीज राहते. लोखंडी बादली नको. साधं ६ अँपिअरचं सॉकेट नको, १६ चं हवं. बोअरचं पाणी जड असल्याने वेटोळ्यावर पांढरा थर चढतो आणि पाणी तापायला वेळ लागू लागतो. थंड रॉड लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवला की थर सुटतो.

गॅसचा गीझर असेल तर तो न्हाणीघराबाहेर बसवा. आतच असेल तर बादली भरेपर्यंत दार उघडं ठेवा, गीझर बंद करा आणि मग आत जा.

प्रत्यक्ष अंघोळीचा क्रम: अंघोळीआधी मोहरीचं तेल, पहिला तांब्या पायांवर, मग गुडघे, मग पाठ, डोकं शेवटी. पंचा आणि कपडे हाताशी. केस धुवायचे ते फक्त उघड्या थंडीच्या दिवशी आणि दोनच्या आत. ओल्या केसांनी संध्याकाळ काढलेल्या सूनबाईंना सासूबाई आठवडाभर ते ऐकवतात.

शेकोटी आणि शेगडी

शेकोटी बाहेर. तळाला दोन गोवऱ्या मोडून उभ्या लावा, मध्ये तुरीच्या काड्या, वर बाभळीचं लाकूड. चंबळच्या बेहडांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत, वाढलेली विलायती बाभूळही चांगली पेटते आणि निखारा टिकवते, पण तिचे काटे चपलेतून आरपार जातात. टायरचे तुकडे आणि प्लॅस्टिक घालणारा माणूस प्रत्येक गावात असतो, त्याच्या वाऱ्याच्या दिशेला बसू नका. शेकोटीशी पुढून भाजतं आणि मागून गारठतं. उपाय एकच, शाल पाठीवर घ्या, छातीवर नको. गावातले दाऊ, म्हणजे वडीलधारे, जिथे बसतात ती जागा धूर न येणारी असते. ती त्यांची. रिकामी दिसली तरी ती त्यांचीच.

शेगडी खोलीत न्यायची असेल तर नीट वाचा. धूर निघून गेल्यावर लालबुंद निखारे निरुपद्रवी दिसतात, पण बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड तेच सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, मग गुंगी, आणि माणसाला वाटतं चांगली झोप येतेय. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं तर थंडी बाधली म्हणून काढा करत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि दवाखाना गाठा. शेगडी आत असेपर्यंत एक खिडकी चार बोटं उघडी, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर. "विझतच आलीये" ही सर्वांत वाईट वेळ असते. बाळ-बाळंतिणीची शेकशेगडीही याला अपवाद नाही.

विजेचा हीटर आणलाच तर दोन नळ्यांचा, ८००-१००० वॉटचा पुरे. पायांकडे तोंड करून ठेवा, पलंगापासून तीन फूट लांब, आणि एक्स्टेंशन बोर्डावर नाही. दगडी वाड्याची अख्खी खोली तापवायच्या भानगडीत पडू नका. ती ऊब भिंती पितात, आणि भिंती दोन फुटी आहेत.

स्वयंपाकघर

खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते इथे दगडच. अरुंद तोंडाच्या बाटलीत आणलेलं तेल मार्चमध्ये बाहेर येईल. रुंद तोंडाच्या बरणीत भरून आणा, किंवा सरळ मोहरीच्या तेलाला शरण जा. ग्वाल्हेर, मुरैना, भिंड हा सगळा मोहरीचाच मुलूख आहे आणि हे तेल इथल्या थंडीत गोठत नाही. वासाची सवय आठवड्यात होते.

दही लागत नाही ही मराठी सुनेची जानेवारीतली मुख्य तक्रार. चूक बहुतेक वेळा भांड्याची असते. दूध बरोबर कोमट असतं, पण ९ अंशांच्या थंडगार स्टीलच्या पातेल्यात ओतल्याबरोबर ते पाच-सहा अंशांनी उतरतं. आधी पातेलं गरम पाण्याने विसळून घ्या. अर्धा लिटर दूध, करंगळी दहा अंक मोजेपर्यंत टिकेल इतकं गरम, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास. विरजण पुण्याच्या दुप्पट, दोन लहान चमचे, तेही गार नको. झाकण ठेवून जुन्या शालीत गुंडाळा आणि गव्हाच्या पिंपात गळ्यापर्यंत पुरा. दहा-बारा तास हात लावायचा नाही. मध्येच उघडून बघणाऱ्याला ताक मिळतं.

इडलीच्या पिठाला पुण्यात आठ तास पुरतात, इथे अठरा-वीस लागतात. पिठाचं भांडं ४० अंशांच्या पाण्यात ठेवून पाणी दोन-तीनदा बदललं तर बारा तासांत जमतं. आमचं म्हणणं, एवढी यातायात कशाला? बाजरी इथलीच, चाकवत, मेथी आणि मटार दारात. कणीक मात्र गरम पाण्याने भिजवा, नाहीतर पोळी लाटताना हात आणि कणीक दोन्ही ताठ.

धुंधुरमासाचं जेवण सूर्योदयाला करायचं असतं. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भरीत, गूळ. शास्त्र ज्यांनी लिहिलं त्यांना कोहरा ठाऊक नसावा. इथे पंचांगातला सूर्य सातला उगवतो आणि डोळ्यांना दिसणारा अकराला. यजमान डोळ्यांना दिसणारा सूर्य मानणारे निघावेत अशी प्रार्थना करून रजईत पडून राहावं. लोणी आदल्या रात्री चुलीजवळ ठेवा, नाहीतर भाकरीला लावताना भाकरीच फाटते.

संक्रांतीचा काटेरी हलवा करायला उघडी थंडी फार चांगली. पहाटे मंद निखाऱ्यावर परात, तिच्यात खसखस किंवा तीळ, वरून एकतारी पाक चमचा-चमचा, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. थंड कोरड्या हवेत पाक दाण्यावर चटकन सुकतो आणि काटा धरतो. कोहऱ्यात तोच पाक ओला राहतो आणि आधी आलेले काटेही विरघळतात. त्या दिवशी परात गुंडाळून ठेवा आणि मुरैन्याची गजक खा. तिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. परतताना गजक नेणार असाल तर एक मोठा डबा नेण्यापेक्षा लहान हवाबंद पाकिटं न्या. मुंबईच्या दमट हवेत उघडलेलं पाकीट लवकरच नरम पडतं.

कपडे धुवायचे ते सकाळी दहाच्या आत, म्हणजे साडेदहाला दोरीवर. जीन्सला दोन दिवस धरा. बाळाची दुपटी वाळल्यासारखी वाटली तरी गालाला लावून बघा आणि एकदा इस्त्री फिरवा.

कोहरा आणि प्रवास

२०० मीटरच्या खाली दिसेनासं झालं की दाट धुकं, ५० च्या खाली अति दाट. दिल्ली-ग्वाल्हेर-झाशी मार्गावर या दिवसांत गाड्यांचं वेळापत्रक हे केवळ वाचनीय साहित्य असतं. पुण्या-मुंबईकडून येणारी झेलम किंवा पंजाब मेल त्यातल्या त्यात बरी चालते, कारण धुक्यात ती शेवटी शिरते. परतीची गाडी मात्र पंजाब-जम्मूकडून धुकं पार करत येते. परतीच्या दिवशी पुढचं विमान किंवा कचेरी ठेवू नका, आणि गाडी आधीच्या मोठ्या स्टेशनावरून सुटल्याशिवाय गावातून निघू नका. फलाटावर रात्र काढणं ही शेकोटीविना शेकोटी आहे. डब्यात पुऱ्या, लोणचं, तीळवड्या, आणि थर्मास.

रस्त्याने जायचं तर सकाळी दहाच्या आधी निघायचं नाही. निघावंच लागलं तर दिवा खालचा ठेवा. वरचा लावला की धुकं उजळून पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. डाव्या कडेची पांढरी रेघ धरा. चालकाची काच दोन बोटं उघडी ठेवा: आतली काच धुरकटत नाही आणि ट्रॅक्टरचा आवाज आधी येतो. ट्रॅक्टरवर भिस्त कानाचीच, कारण उसाच्या किंवा पेंढ्याच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. नीलगायीला तर नसतोच.

दुचाकीवर ५ अंशांत ४० च्या वेगाने गेलात तर अंगाला शून्याच्या खालची थंडी लागते. स्वेटर आणि जॅकेटच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्राच्या चार घड्या घाला. वारा अडवायला याहून स्वस्त काही नाही, आणि पोचल्यावर वाचताही येतं.

गरम कपडे इकडेच घ्या. १९०५ पासून भरणारा ग्वाल्हेरचा व्यापार मेळा याच दिवसांत असतो, तिथे लोकरीची दुकानं लागतात. तानसेन समारोहाच्या रात्रीच्या बैठकीला जाणार असाल तर अंगाखाली घ्यायला काहीतरी न्या. मालकंस कितीही रंगला तरी जमीन तापत नाही.

रजई कधी आवरायची

वसंतपंचमीला ऊन छान पडतं आणि पाहुणे उत्साहाने रजया बांधायला काढतात. थांबा. फेब्रुवारीत आणखी एखादा झंझावात येतो, मावठा पडतो आणि दोन रात्री पुन्हा दात वाजतात. होळी झाल्यावर सलग दोन कोरड्या दिवसांची उन्हं द्या, खोळ धुवा, कापूस हाताने चाचपून कुठे ओल नाही ना बघा. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला जुन्या सुती चादरीत रजईबरोबर बांधा आणि लोखंडी पेटीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आतली उरलीसुरली ओल कापसाला वास आणते. गरम असतानाच घडी घालून पेटी बंद करू नका, आत वाफ धरते. गच्चीवरून आणून रात्रभर खोलीत उघडी ठेवा आणि सकाळी पेटीत घाला. पेटीवर कूलर मात्र ठेवू नका. रजई पुन्हा दिवाळीलाच लागते, कूलर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढावा लागतो, आणि तो चढवताना मामांची पाठ धरते.